काकीच्या माहेरचं बांडगूळ

नखांच्या कडांना अजून निळं आहे. मोरचूद आणि चुन्याचा लेप साबणाला दाद देत नाही, हे मला या वयात कळलं. नागपूरच्या ज्या कॉलेजात मी वाचनालय सांभाळते, तिथल्या एका प्राध्यापकांनी पुस्तक घेताना माझ्या बोटांकडे पाहिलं आणि विचारलं, "घरी रंगकाम काढलंय का?" मी म्हटलं, "नाही, एका झाडाला मलमपट्टी केली." ते कौतुकाने हसले. त्यांना वाटलं मी काव्यात्म बोलते आहे. आयुष्यभर पुस्तकं फडताळात लावली आहेत, काव्यात्म बोलणं टाळण्याइतकी वाचलीही आहेत. झाडाला खरोखरच मलमपट्टी केली होती. आणि दोन्ही हात पालथे करून टेबलावर ठेवले की मला अजून हसू येतं, अगदी छातीतून, शाळकरी मुलीसारखं.

झाड चाराचं. बासुंदीवर ज्या चारोळ्या मोजून टाकतात त्या ज्या फळाच्या बीच्या पोटात असतात, ते. आमच्या झाडीपट्टीत झाडाला चार म्हणतात आणि फळांना चारं. दिघोरीच्या पुढे माझं माहेरचं गाव आहे, गावाला तलाव आहे, तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, हे झाड आहे. भूगोल एवढाच.

पण वास! वैशाखात पाळीवर सकाळी गेलं की आधी वास यायचा. पिकलेल्या चारांचा वास आंबूस-गोड, थोडा गुळाच्या काकवीसारखा, थोडा ओल्या मातीसारखा, आणि त्यात तलावाच्या आटत चाललेल्या चिखलाचा एक जाड पदर. खाली पडलेली चारं काळी-जांभळी, वाटाण्याएवढी. ती तोंडात टाकायची, पातळ गर जिभेने ओरबाडायचा आणि बी थुंकायची नाही. बी फ्रॉकच्या ओच्यात ठेवायची. जीभ जांभळी, हनुवटी जांभळी, ओचा जांभळा. घरी गेल्यावर आई विचारायची, "कोठं गेली होती?" हा प्रश्न ती निव्वळ परंपरा म्हणून विचारत असावी.

मग बिया राखेत घोळून पोत्यावर घासायच्या, धुवायच्या, कौलांवर वाळत टाकायच्या. दुपारभर चिमण्यांचे पाय आणि त्या बिया यांचा मिळून एक बारीक खडखडाट छपरावर चालायचा. वाळल्या की जातं निघायचं. जात्याच्या वरच्या पाळूखाली चिंधी गुंडाळून ती जराशी उचलून धरायची, म्हणजे कवच फुटतं आणि आतला दाणा शाबूत राहतो. कट्, कट्, कट्. त्या आवाजात आईचं सगळं लक्ष हाताकडे असे. अख्खे दाणे डब्यात जायचे, तुटलेले आम्हा पोट्ट्यांना. त्यामुळे घरातली मोठी माणसं जात्याशी बसली की आम्ही मनोभावे हात चुकण्याची प्रार्थना करत असू. देवाने आमचं बऱ्याचदा ऐकलं.

त्या झाडावर आणखी एक झाड होतं. बांडगूळ. जाड, हिरवी, चामड्यासारखी पानं आणि शेंदरी फुलांचे झुपके, काडेपेटीतल्या पेटत्या काड्या उलट्या टांगल्यासारखे. त्याची फुगलेली कळी चिमटीत धरून दाबली की टप् करून उघडायची. दिवाळी संपल्यानंतरचे आमचे फटाके तेच. बांडगूळ झाडाचं रक्त पिऊन जगतं, हे पुस्तकात होतं, आणि पुस्तकं शाळेत होती. गावात ते शुभ होतं. नवं धान घरात आलं की बांबूच्या विणलेल्या, शेणाने सारवलेल्या ढोलीत आधी चाराच्या बांडगुळाची एक काडी जायची आणि मग धान. म्हणजे ढोली रिकामी होत नाही. ज्यांच्या ढोल्या दरवर्षी ज्येष्ठापर्यंत रिकाम्या व्हायच्या त्यांचीही काड्यांवरची श्रद्धा ढळलेली मी पाहिली नाही.

कमलकाकी लग्न होऊन आली तेव्हा मी नुकतीच शाळेत जायला लागले होते. ती लाखनीकडची. मांडवातली गर्दी ओसरल्यावर बायका तिला वाजतगाजत तलावाच्या पाळीवर घेऊन गेल्या, आणि मी अर्थातच सगळ्यांच्या पायात. काकीच्या पदराला गाठ होती. गाठ सोडली तर आत हळदीकुंकू आणि पिकलेल्या बांडगुळाची चार-दोन फळं. तिच्या बापाच्या अंगणातल्या चारावरची. माहेरची लक्ष्मी सासरच्या झाडावर बसवायची, अशी तिच्या घरची रीत होती. माझ्या आईने पाळीवरच्या चाराची सगळ्यात खालची कोवळी फांदी वाकवून धरली. काकीने फळ दाबलं, आतून चिकट, लोंबणारी बी निघाली, दिसायला सर्दी झालेल्या मुलाच्या नाकासारखी. काकीने ती फांदीला पुसली. बायका हसल्या, काकी रडली, कोणीतरी गाणं धरलं. मला ते सगळं फार भारी वाटलं होतं. हळदीचा वास, ओल्या डोळ्यांची नवी काकी, आणि फांदीवर चमकणारा तो एक थेंब.

पुढच्या उन्हाळ्यात तिथे दोन पानं होती. काकीने मला हाताला धरून दाखवायला नेलं. "लागली पाह्य," ती म्हणाली, "लागली!"

मधल्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. मी नागपूरला गेले, गावी येणं सणावारापुरतं राहिलं. पाळीवर तेव्हा चाराची रांगच होती. दर खेपेला रांगेत एक फट वाढलेली दिसायची आणि दर खेपेला मला वाटायचं, मागच्या वेळी पण अशीच होती बहुतेक.

या माघात प्रमिलाचा फोन आला. प्रमिला काकीची सून, गावातल्या बायकांच्या गटाची पुढारी. तिच्या बोलण्यात स्वल्पविराम नसतात.

"ताई तुमी याच. पाळीवर एकच चार उरला आता, त्याचीच बी रोपाले वापरून राहिलो आमी, थो गेला तं रोप कायचं करू? अर्धं झाड बांडगुळानं खाल्लं, खोडात अळी घुसली. रविवारी सारं कापनार हाओ. आन आई आयकत नाई."

"काहून आयकत नाई?"

"थे म्हनते, माया माहेरची लक्ष्मी तोडाल तं मी पाळीवरच बसीन. बसलीच हाय कालपासून."

मी लाखांदूरची एसटी पकडली.

रविवारी सकाळी पाळीवर चढले आणि झाड दिसलं. लांबून ते हिरवंगार दिसत होतं, तेच वाईट होतं. जवळ गेलं की कळायचं, हिरवं आहे ते त्याचं नाहीच. चाराला मोहर होता, पण कुठे कुठे, टोकाटोकाला, पांढुरका, माघार घेतल्यासारखा. बाकी सगळीकडे ती चामडी पानं आणि शेंदरी झुपके, त्यांच्या ओझ्याने फांद्यांना गुडघ्यांसारख्या गाठी आलेल्या. खोडावर भुशाची जाळी, जाळीखाली अळीची भोकं, भोकांतून डिंक. प्रमिलाच्या बायका सायकलच्या तारेने घासलेटात बुडवलेला कापूस एकेका भोकात कोंबत होत्या आणि वरून चिखल लिंपत होत्या. कोणी घाई करत नव्हतं, पण कोणी थांबतही नव्हतं. मला हात शिवशिवल्यासारखे झाले.

आणि खालच्या फांदीपाशी काकी. त्या कोवळ्या फांदीची आता मांडीएवढी फांदी झाली होती, आणि त्या थेंबाचं एक भलंमोठं झुडूप, फांदीला मिठी मारून बसलेलं. काकी त्याच्या सावलीत.

"आली का?" ती म्हणाली. "सुनेनं बलावलं असंन. मले समजवाले."

"बसाले आली मी," मी म्हटलं आणि बसले.

आता कार्यक्रम. आपल्याकडे झाड वाचवायचं तर आधी मंडप घालावा लागतो. झाडाच्या मुळांवरच खांब रोवले होते. बॅनरवर प्रमुख पाहुण्यांचा फोटो चारापेक्षा मोठा होता. पाहुणे उशिरा आले, कारण वेळेवर येणारा तो पाहुणा नव्हे. शाल झाली, नारळ झाला. स्वागतासाठी आणलेली फुलं प्लास्टिकची होती, एका अर्थी तीच तेवढी निसर्गाचं नुकसान न करता आलेली. मग प्रमुख पाहुण्यांच्या शुभहस्ते पहिली फांदी कापायची होती. पाहुण्यांना शिडी चढवणं शोभलं नसतं, म्हणून मंडपवाल्याने त्यांच्या हाताला येईल अशा बांडगुळाला लाल फीत बांधली होती. हाताला येईल असं एकच होतं.

काकी उठली.

"कोन बांधली हे फीत?"

मंडपवाला माइकची वायर तपासू लागला. प्रमिला पुढे झाली. "आई, पाहुन्यायच्या हाताले येते म्हनून..."

"पाहुन्यायच्या हाताले माया बापाचं आंगन येते का?"

पाहुण्यांच्या हातात कोरी करकरीत आरी होती, मुठीला झेंडूची माळ. ते माइककडे वळले. "मातोश्रींच्या भावनांचा आम्ही आदर करतो," असं म्हणून त्यांनी तो आदर बराच वेळ केला. त्यात पर्यावरण आलं, संस्कृती आली, त्यांचं स्वतःचं खडतर बालपण आलं. काकी तेवढा वेळ फीत सोडत बसली होती. शेवटी फोटोग्राफर म्हणाला, "साहेब, नुसती आरी अशी धरा," आणि साहेबांनी हवेत दोन-तीन वेळा आरी चालवली. हवा कापली गेली. टाळ्या झाल्या. गाड्या लाखांदूरच्या दिशेने गेल्या आणि त्यांची धूळ खाली बसायच्या आत प्रमिलाने पदर खोचला.

"चला व बायांनो! गेले एकदाचे!"

त्यानंतर जे झालं ते मला नीट क्रमाने सांगता येणार नाही. गोमाभाऊ कमरेला दोर बांधून वर चढला, खारीसारखा, या वयात. चारावर लहानपणी तोच चढायचा आणि आम्ही खाली ओचे पसरून उभ्या. वरून त्याचा आवाज आला, "सरका! सरका व माय!" आणि पहिला झुपका कोसळला. शेंदरी फुलांचा पाऊस पडला. आम्ही किंचाळत पळालो आणि लगेच परत धावलो. दोर ओढ, फांदी बाजूला कर, कापलेल्या जागी लेप लाव. बांडगूळ जिथे बसलंय तिथून हातभर खाली कापायचं, कारण त्याची मुळं फांदीच्या आत चालत गेलेली असतात. प्लास्टिकच्या बादलीत मोरचूद आणि चुना कालवलेला, आकाशासारखा निळा. कोणीतरी माझ्या हातात रंगाचा ब्रश दिला, कोणीतरी शिडी लावली, आणि मी चढले! तिसऱ्या पायरीवर प्रमिला ओरडली, "ताई, साडी खोचा!" पाचव्या पायरीवर मला माझं नाव, हुद्दा आणि गुडघेदुखी काही आठवेना.

प्रत्येक झुपका पडला की वरून उजेडाचा एक तुकडा खाली यायचा. ताज्या कापाचा तुरट वास, डिंकाचा, घासलेटाचा, घामाचा. बायका प्रत्येक पडत्या झुपक्याला शिव्या देत होत्या, नावं ठेवत होत्या, एकीने तर त्याला आपल्या दिराचं नाव दिलं. गोमाभाऊ वरून मोजत होता आणि मोजणं चुकवत होता. ज्या मोहराला वर्षानुवर्षं ऊन लागलं नव्हतं त्याच्यावर आता ऊन होतं. मी शिडीवर उभी राहून निळ्या हातांनी हसत होते.

मग हळूहळू आवाज कमी झाला. वरचं सगळं उतरलं होतं. राहिलं होतं एकच.   अजून महिन्या-दीड महिन्यात त्या झुडपाला फळं येणार, फुलटोचे पक्षी ती खाणार आणि चोच पुसतील त्या फांदीवर पुन्हा बिया चिकटवणार. एक राहिलं म्हणजे सगळं राहिलं. प्रमिला लांब जाऊन बादली धूत बसली. सासूकडे न पाहता इतका वेळ बादली धुणारी सून मी दुसरी पाहिली नाही.

मी काकीजवळ बसले.

"रस्ता मोठा झाला तवा माया बापाचं आंगन गेलं," काकी म्हणाली. "घर गेलं. चार गेला. भाऊ नागपूरले गेला. लाखनीले उतरली तं कोनाच्या दारात जाऊ? हे तेवढी राहिली." तिने झुडपाकडे हात केला. "तुले आठवते का थो चार? पैल्या खेपेले मी माहेरी गेली तं तुले घेऊन गेली होती संग. तू बी खाल्ली असशीन चारं."

मला आठवत होतं. लाखनीचं ते घर, हमरस्त्याला लागून. दिवसभर ट्रकांचे भोंगे, आणि मला ते फार आवडलेले. अंगणात चार, त्याखाली बाज, बाजेवर काकीचे बाबा आंबाडीचा दोर वळत बसलेले, दोराचा खरखरीत वास. वर सगळं शेंदरी. कळ्या दाबून मी दुपारभर टप् टप् केलं होतं. आणि चारं... मी थांबले.

"काकी, चारं मी शेजारच्या घरची खाल्ली. तुमचे बाबाच घेऊन गेले होते मले. वाटी धरून."

काकी माझ्याकडे पाहत राहिली.

"हाव," ती म्हणाली. "वाटी धरून."

तलावावरून वारा आला. कापलेल्या पानांचा ढीग खसखसला.

"बाबा म्हनत, झाड म्हातारं झालं, आता देत नाई." काकी अडखळली. "झाड म्हातारं कायचं व? मी पैदा झाली तवा लावलं होतं थे. माया उमरीचं झाड. लगनात मी कोवळी पोरगी, आन थे म्हातारं?"

 ती उठली, फांदीपाशी गेली आणि झुडपाच्या पलीकडे फांदीचं जे टोक होतं ते तिने मुठीत धरून वाकवलं. ते वाकलं नाही. कटकन मोडलं. कोरडं, पोकळ. इतकी वर्षं ती त्या सावलीत बसत होती, सावलीच्या पलीकडे तिने पाहिलं नव्हतं.

"बापाचं खाल्लं," ती स्वतःशीच म्हणाली. "आन मंग पदरात बांधून इकडं आनली म्या." मग मोठ्याने, "प्रमिला! बादली धुऊन भोक पाडशीन का? आरी आन."

प्रमिला धावत आली. आरीच्या मुठीला झेंडूची माळ तशीच होती. काकीने ती ओढून फेकली. "कोठून?"

"हातभर खालून, आई. म्हंजे फांदीच जाईन."

"जाऊ दे."

काकीने आरी लावली. आरी आधी सालीत अडकली, मग हात चालायला लागला, खर्र, खर्र, जुन्या सवयीच्या कामासारखा. भुसा तिच्या बांगड्यांवर पडत होता. मध्ये दम लागला तेव्हा प्रमिला म्हणाली, "आई, द्या, मी कापते थोडं."

"तू तुया माहेरचं काप."

सगळ्या बायका हसल्या. काकीही हसली, आणि हसताना तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि आरी थांबत नव्हती. गोमाभाऊने दोर ताणून धरला. मग एक लांब, ओला चरचराट झाला, आणि फांदी लक्ष्मीसकट पाळीवर उतरली. हळू. कुणीतरी मांडीवरून मूल खाली ठेवावं तशी.

गोमाभाऊच्या बकऱ्या एवढा वेळ पाळीखाली अडवून ठेवल्या होत्या. त्यांना धीर धरवला नाही. फांदी पडताच त्या तुटून पडल्या. बांडगुळाचा पाला त्यांच्या फार आवडीचा. एकीच्या तोंडातून शेंदरी फुलांचा झुपका लोंबत होता आणि ती डोळे मिटून चावत होती. मला वाटलं काकीला सहन व्हायचं नाही. मी हाकलायला उठले.

"खाऊ दे व," काकी म्हणाली. "माहेरचं हाय. जड नाई जात."

कापलेल्या जागी लेप मी लावला. काकीने दोनदा पुसायला लावून तिसऱ्यांदा नीट लावून घेतला. झाड त्या बाजूने एकदम उघडं पडलं होतं, आणि त्या उघड्या जागेतून तलाव दिसत होता, सगळाच्या सगळा, उतरत्या उन्हात. प्रमिला म्हणाली, "पालवी आली तं समजाचं, लागलं."  परत येताना काकीने प्रमिलाच्या हातातून आरी काढून आपल्या हातात घेतली, आणि ती परत दिली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला निघायचं होतं. पिशवी भरून मी काकीचा निरोप घ्यायला गेले, तर काकी घरात नव्हती. शेजारच्या आळीतून गलका ऐकू येत होता. जाऊन पाहते तो रुखमाबाईच्या परसात, तिच्या आंब्याखाली, काकी शिडी टेकवत होती. आंब्यावर, वरच्या दुबेळक्यात, बांडगुळाचं बोटभर रोप होतं. चार पानं असतील नसतील.

रुखमाबाई मागे उभी राहून विनवत होती. "अवो कमलबाई, राहू द्या ना व थे. केवढंसं तं हाय."

काकीने वळून तिच्याकडे पाहिलं.

"माहीबी एवढीशीच होती," ती म्हणाली, आणि मग मला पाहून, "आली का? पिशवी ठेव तिकडं. शिडी धर."

मी पिशवी ठेवली. शिडी धरली.